जुन्या बुलेटचा फोर्क: पाईप नवा की हार्ड क्रोम? कोन सेट छर्‍यांचा की टेपरचा?

कास्ट आयर्न इंजिनाच्या जुन्या ३५० बुलेटच्या पुढच्या बाजूला दोन तक्रारी हमखास निघतात. फोर्कमधून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन शॉकअबसॉर्बर नळ्यांमधून, तेल गळतं, आणि हँडल सरळ केलं की मधोमध खाचेत बसल्यासारखं अडतं. गॅरेजात दोन्हींवर उत्तर एकच, "सगळं नवीन टाकू." माझं मत वेगळं आहे. फोर्कचा आतला पाईप सरळ असेल तर जुनाच वाचवावा. कोन सेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचा, निर्णय मात्र गाडी किती आणि कुठे फिरते यावर घ्यावा.

वडिलांच्या गाडीला मी एकाच पावसाळ्यात दोनदा ऑईल सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलले, तरी गळती थांबेना. तिसऱ्या वेळी पाईप बाहेर काढला, स्वच्छ पुसला आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवलं. एका जागी नख अडलं. मोहरीएवढा गंजाचा खड्डा, नेमका सील ज्या पट्ट्यात वरखाली होतं तिथेच. प्रत्येक दणक्याला त्या कडेवर सीलचं रबर कापलं जात होतं. वर पत्र्याचं कव्हर असतं, त्यामुळे हा गंज बाहेरून दिसत नाही. खड्डा सीलच्या वाटेबाहेर असेल तर मात्र त्याची काळजी नको, फक्त सील बदला.

मग पाईप जाड सपाट काचेवर लोळवा. खालून उजेडाची फट कमीजास्त होताना दिसली तर पाईप वाकलेला आहे. लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉक (पाईप टेकवायची खाच) आणि डायल गेज (बाक मोजणारं घड्याळ) असेल तर नक्की किती ते कळतं. थोडा बाक प्रेसवर निघतो. पण खालच्या टीजवळ (दोन्ही पाईप जोडणाऱ्या आडव्या तुकड्याजवळ) पाईप चेपला असेल किंवा बारीक चीर दिसली, तर तो भंगारातच द्यावा. तिथे जुन्याचा मोह नको.

सरळ पण खड्डे पडलेल्या पाईपला हार्ड क्रोम उत्तम. जुना थर उतरवून, घासून, वर दहाच्या पटीत मोजावा लागेल इतक्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढवतात आणि पुन्हा ग्राइंडिंग करून मूळ मापाला आणतात. सायलेन्सर चमकवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. त्याच्या निकेलवरचा क्रोम बहुधा एक मायक्रॉनही नसतो, तो शोभेचा. ग्राइंडिंगशिवाय परत आलेला पाईपही घेऊ नका, बुशमध्ये (पाईप ज्यात सरकतो त्या कडीत) अडकेल. वेळ लागतो, गाडी काही दिवस उभी राहते, हा यातला खरा तोटा.

नवा पाईप त्याच दिवशी मिळतो, पण बाजारातल्या मालाचा भरवसा सारखा नाही. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्ट बाजारात जाताना जुना पाईप आणि व्हर्नियर सोबत न्या, वर-मध्ये-खाली माप घ्या. आणि आटे नीट बघा. पाईपचं वरचं टोक कास्केटमध्ये (हेडलाईट बसतो त्या डोक्यात) आट्यांवर बसतं, आणि कास्केट ॲल्युमिनियमचं आहे. आधी हातानेच फिरवून पाहा. पान्याचा जोर लावलात आणि आटे गेले, तर पाईपपेक्षा कितीतरी महाग पडेल.

आता कोन सेट. मूळ रचनेत कप आणि कोन या दोन कड्यांमध्ये सुटे पाव इंची छर्रे असतात. गोल छर्रा एका बिंदूवर टेकतो, आणि खड्ड्यांचे दणके बहुतेक हँडल सरळ असतानाच बसतात. म्हणून खाच मधोमधच पडते. ग्रीस भरून ती जात नाही, कप-कोन-छर्रे पूर्ण संच बदलावा लागतो. टेपर रोलर, म्हणजे निमुळता रूळ, लांबीभर टेकतो, भार पसरतो, खाच लवकर पडत नाही. रोज घाट उतरणाऱ्याला मी टेपरच सांगेन. गाडी मूळ स्वरूपात जपायची असेल, महिन्यातून दोनदाच निघत असेल, तर छर्रे पुरेत आणि स्वस्तही आहेत. टेपर घेताना संचाची उंची जुन्याशी ताडून पाहा, नाहीतर वरच्या नटाला आटे कमी पडतात. चेसीची नळी घासून बसवू म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

टेपर जास्त आवळला तर हळू वेगात गाडी डावी-उजवी डुलते. आवळताना पुढचं चाक अधांतरी ठेवा. बोटाने ढकललेलं हँडल स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे, आणि फोर्क खालून धरून पुढेमागे ओढला तर खटखट जाणवता कामा नये. त्याआधी क्लच आणि ब्रेकच्या केबल सोडवून ठेवा, कारण त्यांच्या ताणाने हँडल अडतं आणि आपण विनाकारण नट सैल करत बसतो.