ऐरोली की चोडण?

कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलात, होडीने पक्षी बघायचे, पण नवी मुंबईतल्या ऐरोलीला जावं की गोव्यातल्या चोडणला, असं भाचीने विचारलंय.

खर्चात ऐरोलीच स्वस्त, मुंबईकर लोकलने जाऊन येतो. चोडणला रायबंदरहून फेरीबोट, म्हणजे गोव्यात मुक्काम आलाच.

ऐरोलीच्या ठाणे खाडीत हिवाळ्यात रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवेच्या थवे दिसतात, पण लांबून. चोडणचं डॉ. सलीम अली अभयारण्य जेमतेम १.८ चौरस किलोमीटरचं. तिथे भरतीला होडी थेट झाडांमध्ये शिरते. वल्हं थांबलं की मुळांवरून सरकणारा खेकडासुद्धा दिसतो, वरच्या फांदीवर खंड्या. मला हेच जास्त भावतं.

भरतीची वेळ दोन्हीकडे आधी बघा.

मुलं सोबत, हाताशी एकच सकाळ, रोहित बघायचेत, तर ऐरोली. निवांत जंगल अनुभवायचं असेल तर चोडण.