लेकीचं बॅले: कंपनीची शाळा की घराजवळचा स्टुडिओ?

सिअ‍ॅटलच्या पूर्वेला, बेलव्ह्यू, रेडमंड, समॅमिश भागात राहणाऱ्या मराठी घरांत मुलगी सहा-सात वर्षांची झाली की हा प्रश्न हमखास येतो. तिला बॅले शिकायचं असतं आणि आईबाबांपुढे दोन पर्याय असतात. एक म्हणजे पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅले (पीएनबी) या ना-नफा कंपनीची, म्हणजे व्यावसायिक नर्तकांच्या संस्थेची, स्वतःची शाळा. दुसरा म्हणजे जवळच्या शॉपिंग सेंटरमधला खासगी डान्स स्टुडिओ, जिथे बॅलेबरोबर जॅझ, टॅप, हिपहॉप सगळंच शिकवतात. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल आणि तिला बॅलेच हवं असेल, तर कंपनीची शाळा. त्याहून लहान असेल किंवा एकूणच नाचायची हौस असेल, तर जवळचा चांगला स्टुडिओ.

या दोन जागा वेगवेगळ्या हेतूंनी चालतात, हे आधी लक्षात घ्या. पीएनबीची सुरुवात १९७२ साली सिअ‍ॅटल ऑपेराच्या छत्राखाली झाली आणि दोन वर्षांनी शाळा निघाली. १९७७ मध्ये केंट स्टोवेल आणि फ्रान्सिया रसेल हे जोडपं कंपनी चालवायला आलं. दोघेही नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शीन यांच्या न्यूयॉर्क सिटी बॅलेत नाचलेले. शाळेला शिस्त लावली ती रसेलबाईंनी; बेलव्ह्यूच्या केंद्राला आज त्यांचंच नाव आहे. २००५ साली सूत्रं पीटर बोल यांच्याकडे गेली, तेही न्यूयॉर्क सिटी बॅलेचेच. म्हणजे कित्येक दशकं शिकवण्याची एकच परंपरा अखंड चालत आली. आठ वर्षांच्या मुलीला शिकवणाऱ्या बाईंना अठराव्या वर्षी तिच्या पायांत काय असायला हवं हे नेमकं ठाऊक असतं, कारण ते रोज त्याच संस्थेत त्यांना दिसत असतं.

याची दुसरी बाजूही आहे. अशा शाळेत दरवर्षी पुढच्या वर्गात ढकलत नाहीत. शिक्षकांना वाटलं तर मुलगी त्याच पातळीत आणखी एक वर्ष राहते आणि बरोबरच्या मैत्रिणी पुढे जातात. दरवर्षी पास होण्याची सवय असलेल्या आपल्या घरांना हे लागतं. शाळेची परीक्षा, सर्टिफिकेट असंही काही हाती येत नाही. ते हवंच असेल तर रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा घेणारे स्टुडिओ शोधा. तो अभ्यासक्रम पद्धतशीर आहे आणि जगभर चालतो. पूर्वेकडच्या भागात वागानोव्हा पद्धतीने, रशियन वळणाने शिकवणाऱ्या छोट्या शाळाही आहेत. शिक्षक चांगले असतील तर त्या या दोन्ही पर्यायांइतक्याच विचारात घ्याव्यात.

माझ्या मते सगळ्यात मोठा निकष पॉइंट शूजचा. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचे ते बूट हे प्रत्येक लहान मुलीचं स्वप्न असतं, आणि नेमकं तिथेच शाळेची पारख होते. पावलांची हाडं या वयात पुरती पक्की झालेली नसतात. नृत्यवैद्यकातल्या तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला बारा वर्षांच्या आधी नको असाच आहे, आणि नुसतं वय पुरत नाही. घोटे, पोट आणि पाठ यांत ताकद हवी, आधी काही वर्षांची नियमित तालीम हवी, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वर्ग हवेत. कंपनीच्या शाळेत या बाबतीत आईबाबांचा हट्ट चालत नाही. काही स्टुडिओ इतकेच काटेकोर असतात, काही नसतात. स्टुडिओ बघायला जाल तेव्हा एकच विचारा: पॉइंट कधी आणि कोण ठरवतं? नऊ-दहा वर्षांच्या अख्ख्या वर्गाला एकदम बूट देत असतील तर तिथून निघा, फी कितीही कमी असो.

त्याच भेटीत फरशीही बघा. लाकडी, खाली लवचीक थर असलेली हवी. काँक्रीटवर नुसतं व्हिनाइल अंथरलेलं असेल तर उड्यांचा सगळा मार गुडघ्यांवर येतो. आणि वर्गात पियानो वाजतो का, हे विचारा. समोर बसलेला वादक शिक्षकाच्या इशाऱ्यावर लय सावकाश करतो, थांबतो, पुन्हा उचलतो. तबलजीसमोर कथक शिकणं आणि रेकॉर्डिंगवर शिकणं यात जितकं अंतर, तितकंच इथे आहे. मोठ्या कंपन्यांच्या शाळांत ही सोय असते, साध्या स्टुडिओत क्वचितच.

आता रंगमंच. पीएनबीचा डिसेंबरमधला ‘नटक्रॅकर’, हा नाताळचा बॅले, या शहराचा सण आहे. १९८३ पासून स्टोवेल यांची नृत्यरचना आणि मॉरिस सेंडाक यांचं नेपथ्य असलेला प्रयोग इथे होत होता. २०१५ पासून बॅलन्शीनची रचना होते, इयान फाल्कनर यांच्या नेपथ्यासह. मुलांच्या भूमिका शाळेचीच मुलं करतात. प्रयोग होतो त्या मॅकॉ हॉलच्या जवळपास २,९०० खुर्च्या, मंचापुढच्या खड्ड्यात कंपनीचा स्वतःचा वाद्यवृंद आणि बाजूला व्यावसायिक नर्तक. नऊ वर्षांच्या मुलीला हा अनुभव दुसरा कोणताही स्टुडिओ देऊ शकत नाही.

पण निवड सगळ्यांची होत नाही. पोशाख आधीच शिवलेले असतात, त्यामुळे उंचीचाही प्रश्न येतो. चांगलं नाचणारी मुलगी नुसत्या उंचीमुळे राहू शकते. निवड झाली तर तालमी शरद ऋतूत, म्हणजे ऐन दिवाळीत, आणि प्रयोग नाताळच्या आसपासपर्यंत. डिसेंबरची भारतवारी त्या वर्षी विसरा. पुण्याची तिकिटं काढून ठेवली असतील तर ऑडिशनला पाठवूच नका, मुलीला नंतर माघार घ्यायला लावणं वाईट.

स्टुडिओचा वार्षिक कार्यक्रम बहुतेक जूनमध्ये असतो. प्रत्येक मूल मंचावर येतं, आणि उन्हाळ्यात आलेल्या आजी-आजोबांना नात नाचताना दिसते. ही साधी गोष्ट नाही. लाजऱ्या मुलीला पहिली दोन-तीन वर्षं हेच जास्त उपयोगी पडतं. स्पर्धा संघ, म्हणजे नृत्यस्पर्धांना जाणारा स्टुडिओचा गट, मात्र विचार करून घ्या. प्रत्येक नाचाची वेगळी प्रवेश फी, वेगळा पोशाख, वसंतात वीकेंडला हॉटेलचा मुक्काम, असा खर्च वाढत जातो. तिथे जवळजवळ प्रत्येक नाचाला ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ असा कुठला ना कुठला दर्जा मिळतो, त्यामुळे ट्रॉफ्यांवरून प्रगती जोखता येत नाही. मैत्रिणी मात्र घट्ट मिळतात, मंचाची भीतीही जाते.

पैशांबद्दल एक गैरसमज आहे. ना-नफा म्हणजे स्वस्त नव्हे. नफा कुणाच्या खिशात जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. दिलेली फी देणगी धरली जात नाही, त्यावर करसवलत नाही आणि मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून देतात ती मॅचिंग रक्कमही फीवर मिळत नाही. वेगळी देणगी दिलीत तर दोन्ही मिळू शकतं. अशा संस्थेचं वार्षिक कर-विवरण, फॉर्म ९९०, कुणालाही वाचता येतं. उत्पन्न किती, वरच्या पदांवरच्यांचे पगार किती, हे त्यात दिसतं. खासगी स्टुडिओचा असा हिशेब तुम्हाला कधीच दिसणार नाही. आर्थिक मदतीची सोयही अशा शाळांत असते, ती मागायला संकोच करू नका. पीएनबी तर १९९४ पासून ‘डान्सचान्स’ उपक्रमात सरकारी शाळांच्या तिसरीतल्या मुलांना निवडून बॅले शिकवते.

भरतनाट्यमचा वर्गही चालू असेल तर लहानपणी दोन्ही खुशाल चालू द्या. अरैमंडीत, म्हणजे अर्धं बसून, मांड्या बाहेर वळवायची सवय बॅलेत कामी येते. फरक वजनाचा: तिथे पाऊल जमिनीवर आपटायचं, इथे आवाज न करता उतरायचं. मुलं हे पटकन वेगळं करतात. अडचण येते ती वेळेची. बॅलेच्या मधल्या पातळ्यांपासून आठवड्यातले बरेच दिवस लागतात, आणि तेव्हा एक निवडावंच लागतं. तो निर्णय मुलीला घेऊ द्या.

मुलगा असेल तर लवकर सुरुवात केली नाही म्हणून हिरमुसू नका. नवी मुंबईचा अमिरुद्दीन शाह हा वेल्डरचा मुलगा मुंबईत यहुदा माओर यांच्याकडे शिकला, आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. बऱ्याच शाळा मुलग्यांना शिष्यवृत्ती देतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

शेवटचं अंतराचं. बेलव्ह्यूचं केंद्र सोयीचं आहे, पण वरच्या पातळीला किंवा तालमींना सिअ‍ॅटल सेंटरजवळच्या मुख्य इमारतीत जावं लागेल का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा. संध्याकाळी पाचला तलावावरचा पाचशेवीस महामार्गाचा पूल ओलांडून आठवड्यातून चारदा नेणं-आणणं कोण करणार, हे दोघांनी बसून ठरवा. ते जमणार नसेल, तर फरशी बरी आणि पॉइंटची घाई नसलेला जवळचा स्टुडिओच घ्या.