नागलीचं पीठ वेळेवर, तुलना गटाला मात्र नुसता फोन

वर्षभर चालणाऱ्या नागली-आहार चाचणीसाठी नाशिकमध्ये पीठ घरपोच पोचवणं आणि सहभागींशी संपर्क ठेवणं, ही दोन्ही कामं घेणाऱ्या एका सेवेचं हे परीक्षण. चाचणी चालू आहे, म्हणून नाव देत नाही.

पिठाचं काम चोख आहे. रोजची ६० ग्रॅमची पुडी, महिन्याला ३२. वरच्या पुड्या फाटाफुटीसाठी. रिकाम्या पुड्या परत नेऊन मोजतात, उरलेलं पीठ काट्यावर घालतात. पुडीवर उकड काढायची रीत छापली आहे: पिठाइतकंच पाणी मीठ घालून उकळायचं, पीठ टाकून पाच मिनिटं झाकायचं, ऊन असतानाच मळायचं. नागलीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे गार पाण्यात भिजवलं की थापताना भाकरीच्या कडा चिरतात, आणि तव्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात ती कडक होते. मग एकासाठी वेगळी भाकरी थापणारी सूनबाई दोन आठवड्यांत कंटाळते. तिची सही संमतिपत्रावर नसते, पण भाकरी तिच्याच हातची असते.

पुड्या घरात वाटल्या जातात, ही पुढची अडचण. रिकामी पुडी परत आली म्हणजे सहभागीनेच खाल्लं, असं धरता येत नाही. स्पेनच्या प्रेडिमेड या भूमध्य आहाराच्या चाचणीत ऑलिव्ह तेलाच्या गटाला आठवड्याला साधारण एक लिटर तेल दिलं जायचं. अख्ख्या घराला पुरेल एवढं. इथेही घरासाठी वेगळं सुटं पीठ द्यायला हवं. खर्च वाढेल, पण नोंद खरी येईल. एकादशीला नागली चालत नाही, तेव्हा ‘उपवास’ असा वेगळा रकाना ठेवलाय, हे मात्र मनापासून आवडलं. ‘खाल्लं नाही’ या रकान्यात तो दिवस गेला की माणूस ओशाळतो आणि पुढे खोट्या खुणा करू लागतो.

खरी तक्रार तुलना गटाची, म्हणजे नागली खाणाऱ्यांशी ज्यांची तुलना करायची त्यांची. त्यांना पीठ नाही, पाककृती नाही. महिन्याला एक फोन, ‘काय, बरं आहे ना?’ एवढाच. प्रेडिमेडमध्येही सुरुवातीला तुलना गटाकडे कमी लक्ष दिलं गेलं. २००६मध्ये नियम बदलून त्यांनाही तेवढ्याच भेटी सुरू केल्या. तरी शेवटी त्या गटातली गळती ११.३ टक्के होती, भूमध्य आहाराच्या गटांत ४.९. एकाच बाजूची माणसं जास्त गळाली की राहिलेल्यांची तुलनाच कलते, मग पीठ कितीही काटेकोर मोजा. या गटालाही तितक्याच भेटी, रक्ताचा अहवाल समजावून सांगणं आणि चाचणी संपल्यावर पीठ, एवढं तरी द्या.

आणखी एक चूक तातडीने सुधारावी. भाकरी बंद केलेल्याच्या नावापुढे सेवेची पोरं थेट ‘बाहेर पडले’ लिहितात. भाकरी सोडली, भेटीला येणं सोडलं आणि संमती काढून घेतली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन्हींत माणूस हो म्हणत असेल तर वजन आणि रक्त घेत राहायचं. तिसऱ्यात कारण न विचारता थांबायचं. तो त्याचा हक्क आहे.

उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळी नऊची वेळ सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पहिल्या पाळीवाल्यांना जमत नाही. सहा वाजता घरी जा, आणि रक्त घेतलं की चहा-पोहे द्या.

पाचपैकी साडेतीन. पिठासाठी बेलाशक घ्यावी. संपर्काचं काम द्यायचं तर दोन्ही गटांच्या भेटींची संख्या करारात लिहून घ्या, आणि प्रत्येक सहभागीचे, त्याच्या परवानगीने, दोन जादा नंबर: एक घरचा, एक शेजारचा.