कॅनव्हास कव्हरच्या गोटाआड झालेली फसवणूक

गाडीच्या कॅनव्हास कव्हरचा काठ गोट, म्हणजे काठावर दुमडलेली पट्टी, लावून बंद केला की त्याच्या आत काय आहे हे बाहेरून दिसत नाही. माझी फसवणूक नेमकी त्या बंद जागेत झाली, आणि ती इतकी बेतून केलेली होती की तिला निष्काळजीपणा म्हणणे मला पटत नाही. ज्याने कव्हर शिवले त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. त्याने केलेल्या लबाड्या मात्र तपशिलाने लिहीत आहे, कारण त्या करायला फार कौशल्य लागत नाही आणि ओळखायलाही फारशी साधने लागत नाहीत.

कव्हर उघड्या हौद्याच्या गाडीसाठी होते आणि कापड मेण चढवलेले जाड सुती कॅनव्हास ठरले होते. अशा कापडाचा काठ दोनदा आत दुमडून शिवता येतो. परंतु कोपऱ्यावर आणि जोडाच्या ठिकाणी थरांवर थर चढून शिवण इतकी जाड होते की सुई वाकते, टाके सुटतात आणि काठ ओबडधोबड दिसतो. म्हणून कापलेल्या काठावर पट्टी मधोमध दुमडून बसवणे, म्हणजेच गोट लावणे, सोयीचे पडते, आणि मीही तसेच सांगितले होते. पट्टी विणलेल्या पॉलिएस्टरची आणि 25 मिलिमीटर रुंदीची, वरचा आणि खालचा असे दोन्ही दोरे उन्हात टिकणाऱ्या बाँडेड (तंतू लेप देऊन एकत्र बांधलेल्या) पॉलिएस्टरचे, काठाला दोन टिपा, आणि दोरी ओवण्याच्या आयलेटखाली कॅनव्हासचाच आणखी एक थर, असे आमच्यात ठरले. नमुना म्हणून त्याने हातभर लांबीचा शिवलेला तुकडा दाखवला. तो तुकडा खरोखर निर्दोष होता.

कव्हर हाती आले तेव्हा मी ते तपासून घेतले. लांबी-रुंदी मोजली, ती बरोबर भरली. टाक्यांची लांबी 4 ते 5 मिलिमीटर होती, जी जाड कॅनव्हासला योग्य असते, कारण याहून फार बारीक टाके घातले तर सुईच्या छिद्रांची जवळजवळ रांग लागते आणि कापड त्या रेषेवर फाटण्याची भीती राहते. घडीत वर आलेला कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. त्यात काही खोट निघाली नाही आणि निघणारही नव्हती, कारण तो कोपरा आणि त्याला लागून असलेली एक बाजू अगदी नमुन्याप्रमाणे शिवलेली होती. उरलेल्या तीन बाजूंचा माल वेगळा होता, दोरा वेगळा होता आणि शिवण्याची रीतही वेगळी होती. ढिसाळ कारागिराचे काम सगळीकडे सारखेच ढिसाळ निघते. येथे गिऱ्हाईक कोणती बाजू उलगडून पाहील याचा आधी अंदाज बांधून तेवढीच बाजू चोख केलेली होती.

काही महिने कव्हर उन्हात राहिल्यावर त्या तीन बाजूंची पट्टी पांढुरकी पडू लागली. बोट फिरवले की भुकटी बोटाला लागे, आणि जेथे पट्टी दुमडलेली होती त्या कडेवर आडव्या भेगा दिसू लागल्या. चौथी बाजू मात्र होती तशीच होती. एकाच कव्हरवर, एकाच उन्हात, एकाच रंगाची पट्टी एका बाजूला टिकते आणि दुसऱ्या बाजूला कुजते याचा अर्थ ती एक पट्टी नाही, हे उघड होते. म्हणून ताडपत्री आणि तंबूंचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका अनुभवी कारागिराला ते दाखवले, आणि त्याने माझ्यासमोर गोट उसवला.

पट्टी पॉलिप्रॉपिलीनची निघाली. विणकाम आणि रंग सारखा असल्यामुळे नवी असताना ती पॉलिएस्टरपासून डोळ्यांनी ओळखता येत नाही. पण खास संरक्षक द्रव्ये मिसळलेली नसली तर पॉलिप्रॉपिलीन उन्हातील अतिनील किरणांनी लवकर ठिसूळ होते. ते ओळखण्याची सोपी युक्ती त्या कारागिराने दाखवली. पट्टीचा लहानसा तुकडा साबणाच्या पाण्यात चांगला चुरून, आतली हवा काढून, पाण्यात सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, पाण्याची घनता 1 धरली तर त्याची 0.9 च्या आसपास असते, त्यामुळे तो तुकडा तरंगतो, नायलॉन (सुमारे 1.14) आणि पॉलिएस्टर (सुमारे 1.38) बुडतात. माझ्या तीन बाजूंचे तुकडे वर आले आणि चौथीचा तळाशी गेला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: बुडालेली पट्टी उन्हात टिकेलच असे या परीक्षेवरून सिद्ध होत नाही, कारण नायलॉनही बुडते आणि तेही उन्हात पॉलिएस्टरइतके टिकत नाही.

दोऱ्याची लबाडी मला जास्त खुनशी वाटली. वरून दिसणारा दोरा सगळीकडे ठरल्याप्रमाणे बाँडेड पॉलिएस्टरचाच होता, चकचकीत आणि किंचित ताठ. खालच्या बाजूचा, म्हणजे बॉबिनमधला दोरा त्याच रंगाचा पण साधा सुती होता. शिलाई मशीनच्या नेहमीच्या टाक्यात हे दोन दोरे कापडाच्या थरांमध्ये एकमेकांत अडकतात आणि एकमेकांना धरून ठेवतात. त्यामुळे खालचा दोरा ओलीने कुजून तुटला, की वरचा कितीही मजबूत असो, तो ओढताच सरळ निघून येतो. तसाच तो निघाला. कव्हर पाहताना आपण स्वाभाविकपणे वरची बाजू पाहतो आणि खालची टीप गाडीकडे तोंड करून पडलेली असते, याचा हा पुरता फायदा घेतलेला होता. येथे थोडे थांबून सांगायला हवे की खालचा दोरा केसाळ दिसला म्हणून लगेच शिवणाऱ्यावर आरोप करू नये. पॉलिएस्टरच्या गाभ्याभोवती सूत गुंडाळलेला दोरा चांगले कारागीरही मुद्दाम वापरतात, कारण पाणी लागले की ते सूत फुगते आणि सुईचे छिद्र बुजते. खरे-खोटे करायचे असेल तर दोऱ्याचे टोक जाळून पाहावे: निव्वळ सूत कागदासारख्या वासाने जळते आणि मऊ राख ठेवते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो, आणि गाभा असलेल्या दोऱ्यात राखेसोबत मणीही मिळतो. हा प्रयोग कव्हरपासून लांब करावा, कारण मेणाचे कॅनव्हास चटकन पेट घेते.

यापुढे जे दिसले त्याने मापातली लबाडीही उघडी पडली. पट्टी 25 मिलिमीटरची असेल तर दुमडल्यावर प्रत्येक बाजूला साधारण 12 मिलिमीटर येते. कॅनव्हासचा काठ त्या दुमडीच्या अगदी तळापर्यंत पोहोचलेला असावा लागतो. मग पट्टीच्या आतल्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर टीप पडली तरी तिच्यामागे नऊ-दहा मिलिमीटर कापड धरलेले राहते, आणि दोरीचा ताण आला तरी ते निसटत नाही. माझ्या कव्हरमध्ये कापड पहिल्या टिपेच्या जेमतेम पलीकडे संपत होते आणि दुसरी टीप नुसत्या पट्टीतून गेलेली होती. दुमड पोकळ होती आणि ती गोंदाने चिकटवून सपाट केलेली होती. कापड रुंदीला मुळातच कमी पडत होते, ते कापलेही वेडेवाकडे होते, आणि कमी पडलेले माप या पोकळ पट्टीने दोन्ही बाजूंना भरून काढलेले होते. मी टेप लावून मोजले ते माप पट्टीचे होते, कापडाचे नव्हते.

गोंद दिसला म्हणजे फसवणूकच, असेही समजू नये. गोट सरकू नये म्हणून शिवण्याआधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी अरुंद टेप लावणे ही मान्य रीत आहे, विशेषतः वरचा आणि खालचा थर बरोबरीने पुढे नेणारी वॉकिंग फूटची मशीन नसेल तेव्हा. गोंद टाक्याच्या मदतीला असेल तर हरकत नाही. माझ्या कव्हरच्या खालच्या बाजूला मात्र कित्येक ठिकाणी टीप पट्टीवर पडलीच नव्हती, ती तिच्या शेजारून नुसत्या कॅनव्हासवरून गेली होती आणि पट्टीची ती कड केवळ गोंदावर उभी होती.

कोपऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. बाहेर आलेल्या गोलाईवर सरळ विणलेली पट्टी ओढून बसवली तर तिच्या आतल्या कडेला चुण्या पडतात; म्हणून गोल कोपऱ्याला कापडातून 45 अंशांत कापलेली उरेब पट्टी लावतात, किंवा कोपरा काटकोनी ठेवून पट्टी तिरकी दुमडून बसवतात. येथे चुण्या दाबून, चिकटवून, वरून टीप मारलेली होती. आयलेट तर ठरलेल्या दुहेरी कॅनव्हासऐवजी पट्टीला लागून ठोकलेली होती, त्यामुळे दोरीचा सगळा ओढा त्या पोकळ काठावर येत होता.

मी हे सगळे घेऊन शिवणाऱ्याकडे गेलो. त्याचे पहिले उत्तर असे की हमी कापडाची होती, काठाची नव्हती. उन्हाने झालेल्या नुकसानीला आपण जबाबदार नाही, हे दुसरे. चौथी बाजू त्याच उन्हात धडधाकट कशी राहिली, या प्रश्नावर त्याने माल संपल्यामुळे दुसरा वापरावा लागला असे सांगितले, परंतु तसे आधी कळवले का नाही याचे उत्तर दिले नाही. पावतीवर ‘कॅनव्हास कव्हर, गोटासह’ एवढेच लिहिलेले होते आणि तो शेवटपर्यंत त्या तीन शब्दांना धरून राहिला. पट्टीचे पैसे परत करण्यापलीकडे तो गेला नाही. कमी कापलेल्या कापडाबद्दल बोलायलाच तयार झाला नाही.

असे काम करून घेणाऱ्यांनी कव्हर पूर्ण उलगडून, उलटे करून, चारही बाजूंचा काठ चिमटीत धरून सरकवत न्यावा, आणि हे उरलेली रक्कम देण्यापूर्वी करावे. कापड तळापर्यंत असेल तर काठ सगळीकडे भरीव लागतो. पोकळ असेल तेथे बोटांना पातळ आणि चपटा लागतो, आणि गोंद असल्यास कडकही. पट्टीच्या दोन टोकांचा जोड शोधून काढावा, कारण तेथे वरचे टोक किंचित उचलले की आत डोकावता येते. तो जोड सरळ बाजूवर असावा, वरचे टोक आत मुडपलेले असावे आणि दोन्ही टोके निदान पट्टीच्या रुंदीइतकी एकमेकांवर चढलेली असावीत. कोपऱ्यावर केलेला जोड दिसला तर शिवणाऱ्याला तेथे काही झाकायचे होते का, हे जरूर पाहावे. वरची आणि खालची टीप पट्टीच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहे का, हेही निरखावे. पट्टीचा आणि दोऱ्याचा उरलेला तुकडा मागून घ्यावा. प्रामाणिक कारागीर तो सहज देतो, आणि पाण्याची व आगीची परीक्षा त्याच्यावर करता येते.

दुसऱ्या कारागिराने माझे कव्हर दुरुस्त केले, पण नुसता गोट बदलून ते झाले नाही. कापडच कमी असल्यामुळे दोन्ही लांब बाजूंना आधी कॅनव्हासच्या पट्ट्या जोडाव्या लागल्या, आयलेट काढून दुहेरी कापडावर पुन्हा बसवाव्या लागल्या, आणि मग गोट लागला. त्याच्या कामाच्या कागदावर पट्टीचा प्रकार आणि रुंदी, वरचा दोरा, बॉबिनचा दोरा आणि गोटाशिवायचे कापडाचे माप ही प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली आहे. प्रत्येक बाजूचा हातभर काठ त्याने न शिवता मोकळा ठेवला, मला आतले कापड दाखवले आणि त्यानंतरच तेवढी टीप पूर्ण केली.