सुकाणूचा सेन्सर: पोटेन्शिओमीटर की हॉल?

नाथसागरावरच्या आमच्या होडीला ऑटोपायलट बसवताना पैठणला हाच वाद रंगला: सुकाणू किती वळलंय हे ऑटोपायलटला सांगणारा सेन्सर कोणता घ्यायचा? पोटेन्शिओमीटर, म्हणजे पट्टीवर घासत फिरणाऱ्या टोकाने कोन मोजणारा सेन्सर, स्वस्त, तारा तीनच, साध्या मल्टिमीटरने तपासता येतो. पण सुकाणू बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच हलतं. आतली पट्टी नेमकी तिथेच झिजते, मग ऑटोपायलट उगीच डावं-उजवं करत बसतो. हॉल सेन्सरमध्ये घासणारं काहीच नाही: चुंबक फिरतो, चिप कोन वाचते. महाग आहे, शिवाय मोटर आणि लोखंडापासून लांब ठेवावा लागतो. तरी मी हॉलच घेतला. लिंक रॉड, म्हणजे सेन्सरचा हात सुकाणूच्या हाताला जोडणारा दांडा, मात्र दोन्हींत सारखाच छळतो! सेन्सरचा आणि सुकाणूचा हात समान लांबीचे, समांतर नसले तर कोन चुकतोच.