आरएक्स १०० घरी खोलायला तीन मॅन्युअल घेतली, त्यांचा हिशोब

बाबांची ९३ ची यामाहा आरएक्स १०० दोन वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. गॅरेजवाल्यांना विचारलं तर सगळ्यांचं एकच, बोअर करावा लागेल, म्हणजे सिलेंडर आतून घासून मोठा करावा लागेल, गाडी ठेवून जा. आरएक्स ठेवून गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीये, ओरिजिनल कार्बोरेटर जातो आणि दुसराच कुठलातरी लागून येतो. म्हटलं आपणच शिकू, आणि पान्यांच्या आधी पुस्तक आणलं. एक म्हणता म्हणता तीन झाली.

पहिलं म्हणजे यामाहाच्या सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंग केलेली, ऑनलाइन एकाकडून ४५० ला. यातले आकडे म्हणजे सोनं आहे. झिजणाऱ्या पार्टला दोन आकडे दिलेत, नवीन असताना किती आणि किती झिजला की फेकायचा. उदाहरणार्थ पिस्टनची रिंग, ती बोअरमध्ये टाकायची, पिस्टनने खाली ढकलून सरळ बसवायची, दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचं, झालं. माझी जुनी रिंग लिमिटच्या बाहेर गेली होती पण नवीन टाकून मोजली तर आत आली, मग लेथवाल्याकडून बोअर पण मोजून घेतला, तोही ठीक निघाला, म्हणजे बोअर न करता नुसत्या रिंगांवर भागलं. एवढ्यातच पुस्तकाचे पैसे वसूल.

पण हे पुस्तक लिहिलंय कंपनीत ट्रेनिंग झालेल्या मेकॅनिकसाठी. मॅग्नेट काढा असं एका ओळीत सांगून पुढे, त्याला पुलर (ओढून काढायचं खास हत्यार) लागतो हे तुम्हाला माहीतच असणार असं धरून चाललेत. आणि माझी झेरॉक्स तर झेरॉक्सची झेरॉक्स. इंजिनच्या साईडच्या एका सहा एमएमच्या बोल्टला टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा तो आकडा, होता ७.२ फूट-पाउंड, म्हणजे १० न्यूटन मीटर, अगदीच किरकोळ. त्यातला पॉइंट उडालेला. मला दिसले ७२. मी शहाण्यासारखा नवा टॉर्क रेंच, तेवढा जोर झाला की क्लिक करणारा पाना, ७२ वर लावला आणि क्लिक कधी येतोय याची वाट बघत ओढत बसलो. क्लिक नाही आला, बोल्टच हातात आला, अर्धा. उरलेला अर्धा काढून आटे नीट करायला लेथवाल्याने ३०० घेतले आणि वर विचारलं, पुस्तक वाचून केलं का?

दुसरं हेन्स, म्हणजे गाड्यांची मॅन्युअल छापणाऱ्या इंग्लंडच्या कंपनीचं. आपल्या आरएक्ससारखीच आरएक्सएस १०० तिकडे इंग्लंडमध्ये विकली जायची, सख्खी नाही पण चुलत बहीण समजा, त्यामुळे हेन्सचं यामाहा आरएस/आरएक्सएस १०० आणि १२५ वालं मॅन्युअल आपल्याला बऱ्यापैकी चालतं. हे लोक गाडी खरंच खोलतात आणि खोलताना फोटो काढतात. फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहेत पण त्यात हात दिसतो, पाना कुठल्या बाजूने घातलाय ते दिसतं, शिकणाऱ्याला तेच तर पाहिजे असतं. भाषा इंग्लंडची, म्हणजे गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन), स्पॅनर, आपल्या गॅरेजमधलेच शब्द की हे! अमेरिकन पुस्तकात त्याच गजन पिनला रिस्ट पिन म्हणतात, मला आधी वाटलं वेगळाच काहीतरी पार्ट आहे.

हेन्समुळे इंजिन वाचलं ते ऑइल पंपाच्या पानावर. आरएक्समध्ये टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल) पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, वेगळ्या टाकीतून पंप ओढतो. तो पाइप एकदा काढला की आत हवा शिरते, तशीच गाडी चालू केली तर ऑइल पोचत नाही आणि पिस्टन सीझ, म्हणजे आतच अडकून बसतो. पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यायचं. मी पाइप जोडून सरळ किक मारणार होतो.

वायरिंगचं पान मात्र सोडून द्या, रंग आपल्या गाडीशी सगळीकडे जुळत नाहीत. आणि बसवायचं कसं विचारलं तर उत्तर ठरलेलं, काढलं त्याच्या उलट क्रमाने. अहो काढलं तेव्हाचा क्रम लक्षात असता तर पुस्तक कशाला उघडलं असतं!

तिसरं, पार्ट्स कॅटलॉग. जुन्या बाजारात रविवारी ८० रुपयांना मिळाला, पानापानावर ग्रीसचे अंगठे. वाचायला एक वाक्य नाही, नुसती चित्रं, प्रत्येक पार्ट सुटा करून ओळीत मांडलेला, शेजारी नंबर. क्लच बसवून झाला आणि ट्रेमध्ये एक वॉशर उरला, हेन्स उलटसुलट वाचलं, काही कळेना, कॅटलॉगमध्ये दहा सेकंदांत सापडला, हबच्या मागचा. सगळं परत खोललं. शिवाय नाना पेठेत ‘ते गोल असतं ना ते द्या’ म्हटलं की दुकानदार वर बघत पण नाही, पार्ट नंबर सांगितला की आतून डबा येतो.

एक गोष्ट मला तिन्हीत कुठे सापडली नाही. यामाहाचे फुलीवाले स्क्रू जपानी मापाचे असतात, साधा फिलिप्स लावला की घसरून डोकं गोल होतं. जेआयएसचा, म्हणजे त्या जपानी मापाचा, ड्रायव्हर घ्या, माझे चार स्क्रू गेले तेव्हा कळलं.

एकच घ्यायचं असेल तर हेन्स घ्या, नवीन महाग वाटलं तर जुनी कॉपी शोधा, डाग पडलेली असली तरी चालते. कॅटलॉग दिसेल तिथे उचला. आणि सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स घेणार असाल तर पैसे टाकायच्या आधी टॉर्कच्या पानाचा फोटो मागवा आणि झूम करून पॉइंट दिसतायत का बघा.