अकाई ४०००डीएस: आठ महिन्यांच्या वापरानंतर, आणि हेडच्या एका स्क्रूबद्दल

बाबांनी १९७४ ते १९८१ या काळात आमच्या गावच्या मारुतीच्या पारावरची भजनं टेप केली. एकूण २३ रिळं. त्यांचं यंत्र कधीच मोडीत गेलं, पण रिळं लोखंडी पेटीत जपून ठेवलेली होती. ती पुन्हा ऐकायची म्हणून मागच्या ऑक्टोबरात, घरात कापूस यायला लागला तेव्हा, मी जुना अकाई ४०००डीएस डेक, म्हणजे रिळांवरची टेप वाजवणारं यंत्र, घेतला. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम जाणणारं कोणी नाही, त्यामुळे सगळं स्वतःच शिकत गेलो.

डेक मला मनापासून आवडला. एकच मोटर, तीन हेड (टेपवरचा आवाज पुसणारं इरेज, भरणारं रेकॉर्ड आणि वाचणारं प्लेबॅक) आणि १८ सेंटिमीटरपर्यंतची रिळं. वेग बदलायला कॅपस्टनवर, म्हणजे टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर, छोटी नळी चढवायची: नळी असली की १९, काढली की ९.५ सेंटिमीटर प्रतिसेकंद. बाबांची रिळं ९.५ ची आहेत.

विकणाऱ्याने “सर्व्हिस केलेला आहे” म्हणून सांगितलं होतं. घरी उघडून पाहिलं तर हेडचा कल ठरवणाऱ्या स्क्रूवरचं रंगाचं सील फुटलेलं. कोणीतरी तो अंदाजाने फिरवून ठेवला होता. पहिलं रीळ लावलं तर टाळ कांबळाखालून वाजल्यासारखे आले. मला वाटलं, टेपच गेली. त्या रात्री झोप लागली नाही.

आधी सफाई केली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड आणि कॅपस्टन पुसले; रबरी रोलरला अल्कोहोल लावलं नाही. मग डेक बंद ठेवून हेडमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर फिरवला. तो हळूहळू हातभर लांब नेऊनच बंद करायचा. हेडजवळ बंद केला तर चुंबकत्व निघायच्या ऐवजी बसतं.

मग अमेरिकेतल्या मॅग्नेटिक रेफरन्स लॅबोरेटरीची कॅलिब्रेशन टेप मागवली, म्हणजे डेक जुळवण्यासाठी ठरावीक स्वर भरलेली प्रमाण टेप. महाग आहे, पण यात काटकसर करू नका. मागवताना वेग आणि इक्वलायझेशन (वरचे-खालचे स्वर किती उचलायचे त्याचं माप) दोन्ही सांगावं लागतं: १९ च्या वेगाला एनएबी या प्रमाणात ५० मायक्रोसेकंद, तर आयईसी या प्रमाणात ७०. माझं काम एनएबीचं. ही टेप पूर्ण रुंदीवर भरलेली असते, त्यामुळे आपल्या चार ट्रॅकच्या हेडवर खालचे स्वर आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात. ते पाहून बास कमी करायला जाऊ नका.

खरी मेहनत अ‍ॅझिमथची, म्हणजे हेडची फट टेपच्या चालीला काटकोनात आणण्याची. १९ च्या वेगाला १० किलोहर्ट्झच्या लहरीची टेपवरची लांबी जेमतेम १९ मायक्रॉन. स्क्रू केसभर फिरला तरी आवाज पडतो, आणि आणखी फिरवला तर पुन्हा चढतो; ते शिखर खोटं असतं. म्हणून डावा-उजवा चॅनेल एकत्र करून, आवाज दाखवणाऱ्या मीटरचा काटा पाहत, आधी १ किलोहर्ट्झवर जुळवायचं, मगच १० वर जायचं. संध्याकाळी मोटारपंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडतं आणि काटा नाचायला लागतो. मी हे काम पहाटे केलं, स्टॅबिलायझर लावून.

काटा अगदी बरोबर जुळला. बाबांचं रीळ लावलं, तर टाळ तरीही दबलेले!

हे कळायला मला दोन महिने लागले. बाबांच्या यंत्राचं हेडच थोडं तिरकं असणार. ज्या तिरपेवर रेकॉर्ड झालं, त्याच तिरपेवर वाजवलं तरच वरचे स्वर येतात. त्यातून त्यांची रिळं अर्ध्या रुंदीच्या मोनो ट्रॅकची. माझ्या डेकच्या उजव्या चॅनेलवर दुसऱ्या बाजूचं भजन उलटं ऐकू येतं, म्हणजे डावा-उजवा एकत्र करून जुळवायची सोयच नाही. फक्त डावा चॅनेल, हेडफोन आणि कान. आता मी प्रमाण टेपची जागा स्क्रूवर बारीक रेघ मारून ठेवतो, प्रत्येक रिळाला वेगळा जुळवतो, किती फिरवला ते वहीत लिहितो आणि शेवटी परत रेघेवर आणतो.

सातव्या रिळाला गावातले खंजिरीवाले आजोबा शेजारी बसले होते. मी स्क्रू फिरवत होतो, आवाज उघडत होता, आणि त्यांनी एकदम माझा हात धरला. “थांब बाप्पा. हे खंजिरी माही नोहे, माह्या भावाची होय. माह्या खंजिरीले एक चकती फुटकी होती, ते असी नाही वाजत.” ४५ वर्षांपूर्वीची एक चकती त्यांना ओळखू आली. मग ते बराच वेळ बोललेच नाहीत.

वेगाचंही सांगतो. देवळात पेटी अजून तीच आहे. ती घरी आणून काळी दोन धरली, तर काही रिळांवर सूर चढा निघाला. रेकॉर्डिंगच्या वेळी बाबांचं यंत्र हळू चाललं असणार. ४९ हर्ट्झच्या विजेवर चाललेल्या मोटरची टेप आज ५० वर वाजवली तर सूर दोन टक्के चढतो. या डेकवर वेग बारीक जुळवायची सोय नाही, ही त्याची मला जाणवलेली एकमेव उणीव. ते मी नंतर संगणकावर करतो.

नवीन रेकॉर्डिंग फारसं केलं नाही, म्हणून बायसबद्दल (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळायच्या जास्त कंपनांच्या विद्युतप्रवाहाबद्दल) अधिकाराने बोलत नाही. १९ रिळं उतरवून झाली. उरलेल्या चारांपैकी दोन उजेडात धरली तर आरपार दिसतात, म्हणजे त्यांची पट्टी अ‍ॅसिटेट या जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची. त्यांना उष्णता अजिबात द्यायची नाही. आमच्या मे महिन्यात ती माठाशेजारच्या थंड कोनाड्यात ठेवली आहेत, आणि पाऊस लागायच्या आत तीच आधी घेणार आहे.